कोऱ्या बासवरची झीज

१

जोंगनोच्या वाद्यबाजारात दुपारच्या जेवणाचे पैसे कोणी द्यायचे, हे मोज्यावर ठरायचं. पद्धत सोपी होती. गिटारच्या माथ्यावर कंपनीचं नाव असतं, त्यावर एक जुना लोकरीचा मोजा चढवायचा. ज्याची पाळी असेल त्याने डोळे मिटायचे, वाद्य मांडीवर घ्यायचं आणि हाताला, कानाला काय वाटतं ते सांगायचं: महाग की स्वस्त. चुकेल त्याने खालच्या गल्लीतल्या म्हातारीकडे सगळ्यांना रस्साभात खिलवायचा.

प्यो सुंगमो या खेळात सहसा हरत नसे. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात त्याची कार्यशाळा होती आणि त्याचा धंदा ऐकून नवखे लोक हसत. तो नव्या गिटारी जुन्या करून द्यायचा. साठ-सत्तर लाख वॉन मोजून घेतलेलं कोरं वाद्य गिऱ्हाईक त्याच्यापुढे आणून ठेवायचं आणि सुंगमो त्याचं रोगण खरवडायचा, खुंट्यांवर गंज चढवायचा, कोपर टेकतं तिथलं लाकूड उघडं पाडायचा, अंगठा फिरतो तिथे दांडी झिजवायचा. आयुष्यभर रोज वाजवल्यासारखी दिसली पाहिजे, एवढीच मागणी असे आणि त्यासाठी लोक वर आणखी पैसे खुशीने देत. "बाबा, तू लोकांना दुसऱ्याचा घाम विकतोस," असं त्याची मुलगी हारिम म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

शेजारचं दुकान ओक दालसूचं. हा माणूस सुंगमोहून वयाने मोठा आणि पोटाने त्याहून मोठा. तो शाळाकॉलेजच्या पोरांना परवडेल असा स्वस्त माल विकायचा, आणि त्याचं एकच तुणतुणं असायचं.

"अरे, किंमत माथ्यावर असते, लाकडात नसते. कारखाना तोच, यंत्र तेच, रंधा मारणारी बाईसुद्धा तीच. हे नाव डकवलं की दोन लाख, ते डकवलं की वीस लाख. आणि गिऱ्हाईक येडं."

"दादा, हात लावला की कळतं," सुंगमो म्हणायचा. "दांडीवरच्या धातूच्या पडद्यांची टोकं कोणी मन लावून घासलीत, दांडी बुडाशी घट्ट बसलीय का. पैसा कुठेतरी दिसतोच. एका मर्यादेपर्यंत दिसतो, पुढे नुसतं नाव. म्हणून म्हणतो, नाव नको, काम बघा."

त्या दिवशी पाळी सुंगमोची होती. दालसूने मोजा चढवून एक बास गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. सुंगमोने डोळे मिटून दांडीवरून हात फिरवला, आणि फिरवतच राहिला. पडद्यांची टोकं हाताला लागतच नव्हती. दांडी तळहातात अशी बसली की धरल्यासारखं वाटेना. त्याने सगळ्यात जाड तार छेडली. तो सूर कानात शिरण्याआधी पोटात शिरला.

"साठ लाखांच्या खाली नाही," तो म्हणाला. "आणि कोणीतरी फार सुंदर जुनी केलीय."

दालसू इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने मोजा ओढून काढला. माथ्यावर शिकाऊ पोरं घेतात ते फुटकळ नाव होतं.

"एक लाख नव्वद हजार! पिशवी फुकट! चल, आज मला मोठा वाडगा."

सुंगमोने सगळ्यांचे पैसे दिले, पण स्वतःचा वाडगा अर्धा टाकूनच तो उठला.

२

दुपारी तो ती बास दालसूकडून जेवणाच्या बदल्यात मागून घेऊन आला आणि टेबलावर आडवी घालून तिचे स्क्रू काढले. दांडी जिथे खोडाशी जोडतात त्या खाचेत कारखाने तारखेचा शिक्का मारतात, तो गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. शिक्का याच वर्षीच्या वसंतातला होता. म्हणजे हे लाकूड अजून एक हिवाळाही न पाहिलेलं. खाचेतून कोऱ्या मेपलचा गोडसर वास येत होता.

आणि वर, तारांखालच्या पट्टीवर, पडद्यापडद्यांच्या मध्ये बोटांनी पाडलेले उथळ खळगे होते.

सुंगमोने डोळ्याला भिंग लावलं. झीज करणं ही त्याची रोजीरोटी होती. खोटी झीज तो दुरून ओळखायचा, कारण ती करणारा माणूस कितीही शहाणा असला तरी पॉलिशपेपरचे बारीक ओरखडे राहतातच. इथे ओरखडा नव्हता. घामाने लाकूड आतपर्यंत काळवंडलं होतं. खळग्यांच्या कडा बोटाच्या मांसाने गोल होतात तशा गोल झाल्या होत्या. असं करायला त्याला जमलं असतं का? नसतं जमलं. हे कबूल करताना त्याला थोडा मत्सरही वाटला.

"कोणाचं काम आहे हे?" त्याने दालसूला गाठून विचारलं. "बुसानचा कोणी आहे का? सांगा ना दादा, मी काय त्याचं गिऱ्हाईक पळवणार आहे?"

"कोणाचं काय काम? खोकं मी फोडलं. चिकटपट्टी मी कापली."

"खोक्यातून अशी निघाली?"

"आता मी काय प्रत्येक बास भिंगाने बघत बसू? तू बस."

दादा नाव लपवतोय, आपल्याला खिजवायला, असं सुंगमोने ठरवलं. खरं म्हणजे दालसूच्या पोटात गुपित कधी टिकत नसे, पण ते त्याने त्या क्षणी आठवू दिलं नाही.

त्याने बास पुन्हा जोडली आणि भिंतीवरच्या खुंटीला इतर वाद्यांच्या रांगेत टांगली. ही इमारत रस्त्यावरच बांधलेली आहे, खालून गाड्या जातात. मोठी बस गेली की जमीन हलकीशी थरथरते आणि भिंतीवरची सगळी वाद्यं आपोआप गुणगुणायला लागतात. सुंगमोला त्याची इतकी सवय होती की ते त्याला ऐकूच येत नसे. त्या संध्याकाळी बस गेली, गुणगुण उठली, आणि तिच्यात मध्येच एक भोक होतं. त्याने मान वर करून पाहिलं. सगळ्या तारा थरथरत होत्या, त्या एका बासच्या सोडून. तार सैल असली तरी ती हलते. या हलत नव्हत्या. कोणीतरी त्यांच्यावर हात ठेवल्यासारख्या गप्प होत्या.

तो उठला, बासपाशी जाऊन उभा राहिला आणि पुढच्या बसची वाट पाहू लागला. मग स्वतःशीच चिडून त्याने दिवा मालवला आणि दुकान बंद केलं.

३

हारिम आली ती नेहमीसारखी बोलत बोलतच आत शिरली. ती बास वाजवायची. लग्नांत, छोट्या क्लबांत, कोणाच्या तरी बदल्यात. आता महिनाअखेरीस तिला एका मोठ्या गायकाच्या ताफ्यात जागा मिळायची संधी होती. वर्षभराचा दौरा, ठरलेला पगार. निवडीच्या पहिल्या दोन चाळण्या तिने पार केल्या होत्या, शेवटची उरली होती, आणि नेमकी आत्ताच तिच्या जुन्या बासची दांडी वाकली होती.

"बाबा, बाकीची पोरं असल्या एकेक बास आणतात ना, त्या किमतीत आपलं न्हाणीघर नव्याने होईल. मी काय घेऊन जाऊ? हे लाकूड?"

सुंगमोच्या मनात आलं की आपण काढू शकतो पैसे, एखादी चांगली घेऊन देऊ शकतो. पण जन्मभर त्याने पोरीला एकच गोष्ट शिकवली होती. त्याने भिंतीवरची बास काढली, माथ्यावर मोजा चढवला आणि म्हणाला, "डोळे मीट."

हारिमने डोळे मिटले, दोन सूर काढले आणि डोळे उघडायचं विसरून गेली. बराच वेळ ती वाजवत राहिली. थांबली तेव्हा तिचा चेहरा लहानपणी पहिला बर्फ बघून व्हायचा तसा झाला होता.

"कोणाची आहे? परत करायचीय ना?"

"तुझीच. जेवणाच्या पैशात आलीय म्हण."

"अगं आई गं," ती म्हणाली आणि तिने मोजा काढून नाव वाचलं. मग खो खो हसली. "बाबा, तू खरंच ग्रेट आहेस. बघ ना, अंगठा कसा बसतोय! जशी काय माझ्यासाठीच झिजवलीस."

हारिम लहानपणी सायकलवरून पडली होती. तेव्हापासून तिचा डावा अंगठा बाहेरच्या बाजूला झुकलेला. त्यावरून प्रत्येक शिक्षकाने तिला टोकलं होतं, कारण अंगठा असा ठेवून कोणी वाजवत नाही. सुंगमोने खाली वाकून दांडीची मागची बाजू पाहिली. तिथला झिजलेला पट्टा सरळ नव्हता. तो तिरका होता, आणि तिचा वाकडा अंगठा त्यात काठोकाठ बसला होता.

त्याला आनंद झाला होता, तो अर्ध्यातच कुठेतरी अडकला. "जपून ने," एवढंच तो म्हणाला. ती गेल्यावर त्याने दुकानदाराच्या हिशेबाने विचार केला. हजारो वाजवणारे आहेत, कोणाचा तरी अंगठा वाकडा असेलच. हा विचार चांगला होता. रात्री जेवताना तो त्याने स्वतःला आणखी दोनदा समजावून सांगितला.

४

आठवड्याने ती तारा बदलायला बास ठेवून गेली. सुंगमोने जुन्या तारा काढल्या, पट्टी उघडी पडली, आणि आपण बघणार नाही असं ठरवूनही त्याने भिंग घेतलं.

झिजेला क्रम असतो. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार, क्रम खोटा रचायचा हेच तर त्याचं काम. आधी लाकूड चमकतं, मग खोलगट होतं, मग त्यात मळ बसतो. बोट रोज पडत राहिलं तर मळ टिकत नाही. बोट पडायचं थांबलं की खळगा मळाने भरत जातो आणि काळा, निस्तेज होतो. गिऱ्हाइकाने आधी काय वाजवलं, नंतर काय सोडून दिलं, हे पट्टीवरून वाचता येतं.

त्याने वाचलं. पहिल्या थरात चारही बोटं होती. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. हारिमचीच ठेवण, करंगळी जरा सपाट पडते ती सुद्धा. वरच्या थरात तर्जनीचे खळगे ताजे आणि चकचकीत होते. मधल्या बोटाचेही. करंगळीचे तर अधिकच, पण ते आता सरळ नव्हते. ते ताणून तिरके झाले होते, जणू करंगळीला दुसऱ्या बोटाचंही काम करावं लागत होतं.

अनामिकेचे खळगे सगळेच्या सगळे मळाने भरलेले होते.

सुंगमोने भिंग खाली ठेवलं. पाणी प्यायला. पुन्हा उचललं. हारिमला ही बास घेऊन आठवडा झाला होता. आठवड्यात पट्टीवर साधी चमकही येत नाही. मग ही वर्षं कोणाची? ज्याने हे केलं तो कलाकार आहे, त्याने एक गोष्ट रचलीय, एक बोट गमावलेला वादक, गिऱ्हाइकाला असल्या कहाण्या आवडतात. असं असू शकतं. असंच असणार. पण कहाणी रचणाऱ्याला माझ्या पोरीची करंगळी कशी माहीत?

तो उठून शेजारी गेला. दालसू टाचा खुर्चीवर घेऊन कागदी पेल्यातली कॉफी पीत होता.

"दादा, थट्टा पुरे. तुमच्या पाया पडतो. ती बास कोणी दिली?"

दालसूने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाय खाली घेतले. "सुंगमो, आईशपथ. कारखान्यातून आली. तशा बारा होत्या, बाकीच्या अजून मागे पडल्यात, बघ हवं तर."

सुंगमोने त्या पाहिल्या. एकूणएक. पडद्यांची टोकं बोचत होती, दांड्या हलत होत्या, रोगण सांडल्यासारखं लागलं होतं. एक लाख नव्वद हजारांचा माल एक लाख नव्वद हजारांसारखाच होता. जिच्यावर कोणीतरी जीव ओतून काम केलं होतं, ती एकच होती आणि ती त्याने आपल्या मुलीला दिली होती.

५

त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून सत्तर लाखांची बास महिन्याभरासाठी उसनी आणली. घरी, जेवणाच्या टेबलापाशी, हारिमपुढे खोकं उघडलं.

"शेवटच्या चाळणीला ही घेऊन जा."

"का? माझीला काय झालं?"

"काही नाही. ही चांगली आहे."

हारिमने भुवया उंचावल्या. मग कपाटातून स्वतःचाच एक मोजा आणला आणि म्हणाली, "मग लाव की. तूच शिकवलंस ना?"

त्याला नाही म्हणता येईना. त्याने दोन्ही बास आळीपाळीने तिच्या मांडीवर ठेवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खेळात लबाडी केली: महागडी आधी दिली, जास्त वेळ दिली, आवाज वाढवून दिला. हारिमने डोळे न उघडता दुसरीवर हात ठेवला.

"ही. विचारायचीसुद्धा गरज नाही. ती पहिली छान आहे, पण परक्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं."

"हारिम, ऐक माझं. ती बास नको."

"का पण? कारण सांग."

कारण काय सांगणार? की लाकडावर तुझी न झालेली वर्षं दिसतायत? त्याने तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. "माझ्या धंद्यातलं कळतं मला थोडं," तो पुटपुटला.

"नाव नको काम बघ, नाव नको काम बघ! मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय. आता मी काम बघितलं तर तुला नाव पाहिजे? लोक काय म्हणतील म्हणून?" तिचे डोळे भरले होते. "एकदा तरी मला वाटलं होतं की तू माझ्यासाठी नीट निवडलंस काहीतरी."

हे त्याला फार लागलं. त्याने माघार घेतली आणि निदान एक दिवस ती माझ्याकडे दे, दांडीला मागून नवं रोगण देतो, घामाने हात चिकटणार नाही, असं सांगितलं. ती त्याच्या हातात देताना हारिम हसली आणि दोघांचं भांडण मिटलं. त्याच्या मनात रोगण नव्हतं. झीज पुसून टाकायची, एवढंच होतं.

६

त्याने दांडीची पाठ घासली. झिजलेला तिरका पट्टा जाईपर्यंत घासली, मग त्यावर रोगणाचे हात दिले. पट्टीवरचे खळगे भरून काढायला वेळ लागणार होता, ते उद्या. बास माथ्यावरच्या भोकातून आकड्याला टांगली, म्हणजे कुठेही काही टेकणार नाही, आणि कार्यशाळेला स्वतः कुलूप लावलं.

सकाळी रोगण वाळून काचेसारखं झालं होतं. तिरका पट्टा परत आला नव्हता. सुंगमोला हायसं वाटलं आणि त्याने दांडी उजेडाकडे वळवली.

पाठीवर चार बोटं उमटली होती.

वादकाची बोटं पुढे, तारांवर असतात. मागे असतो फक्त अंगठा. इथे मागे चार बोटं होती, शेजारी शेजारी, आणि अंगठा बाजूच्या कडेवर. असा हात वादकाचा नसतो. असा हात वादकासमोर उभं राहून दांडी धरणाऱ्याचा असतो. आणि त्याने ती नुसती धरली नव्हती. चारही बोटांच्या टोकाशी नखांच्या कोरी रुतल्या होत्या.

सुंगमो खुर्चीत बसला. त्याचं डोकं एकदम साफ चालू लागलं, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. खालच्या थरात चार बोटांचं वाजवणं. वरच्या थरात तीन बोटांचं. त्या दोहोंच्या मध्ये काहीतरी होतं, आणि ते हे होतं. कोणीतरी तिच्यासमोर येऊन बास हिसकावणार.

कोण? ताफ्यातला कोणी, जागा हुकलेला? क्लबातला कोणी दारुडा?

त्याने दालसूला बोलावून आणलं. "दादा, तुमचा हात ठेवा इथे."

"काय खुळ्यासारखं करतोस सकाळी सकाळी?" पण त्याने ठेवला. दालसूची बोटं जाड होती, खळग्यांबाहेर आली. कॉफी देणाऱ्या बाईंची बोटं आखूड पडली. खालच्या मजल्यावरच्या ढोलवाल्याचीही जमेनात. दालसू आता हसत नव्हता.

"तू चल माझ्याबरोबर," त्याने सुंगमोचं कोपर धरलं. "तोंडावर रंग नाही तुझ्या. खाली चल, गरम काहीतरी पोटात टाक. मग आपण दोघं मिळून ही करवतीने कापू, हवं तर. माझा माल आहे, मी कापतो."

कापायचं, हे सुंगमोला आतापर्यंत कसं सुचलं नव्हतं? त्याला रडूच यायचं बाकी होतं. तो खाली गेला, म्हातारीने पुढे केलेला रस्सा प्यायला. दालसू करवत मागायला सुताराकडे गेला आणि सुंगमो वर आला.

आकडा रिकामा होता. फोनवर हारिमचा निरोप होता: बाबा, दार लोटलेलंच होतं. दांडी मस्त वाळलीय. घेऊन जातेय, आज शेवटचा सराव. हापजॉंगला. उद्या माझ्यासाठी जीव मुठीत धरून बस!

त्याने फोन लावला. वाजत राहिला. वाजवताना ती फोन उचलत नसे.

७

भुयारी गाडीत सुंगमो उभाच राहिला. बसायला जागा होती, पण त्याला बसवेना. समोरच्या प्रत्येक माणसाचे हात त्याला दिसत होते. लांब बोटांचे, नखं वाढवलेले. यांपैकी कोणी हापजॉंगला उतरणार का? आपण आधी पोचलं पाहिजे. कोणी तिच्यासमोर जाऊन उभं राहायच्या आत ती बास तिच्या गळ्यातून काढली पाहिजे. बाकी तिला काय समजायचं ते समजू दे. रडू दे, आयुष्यभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. बोट राहू दे.

सरावाची खोली तळघरात होती. जिना उतरतानाच तो पोटातला सूर त्याच्या पायांना जाणवला. त्याने जाड दार ढकललं. आत चौघंजण वाजवत होते. हारिम भिंतीपाशी, डोळे मिटून. कोणी तिच्यासमोर नव्हतं. तो वेळेवर पोचला होता.

"हारिम, ती काढ गळ्यातून."

सूर एकेक करत थांबले. "बाबा?" ती भांबावली. "तू इथे काय करतोयस?"

"काढ म्हणतो ना. नंतर सांगतो सगळं."

"सगळे बघतायत," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि कसनुसं हसून इतरांकडे वळली. "माझे बाबा आहेत. एक मिनिट हं."

"मिनिट नाही. आत्ता."

"वेड लागलंय का तुला? उद्या परीक्षा आहे माझी!" तिने बास छातीशी घट्ट धरली आणि डाव्या हाताने दांडी आवळली.

सुंगमो दोन पावलं पुढे गेला आणि त्याने दांडी पकडली. तळहाताखाली तारा आल्या. बोटं मागे वळली आणि चार खळग्यांत जाऊन बसली. एकही इकडेतिकडे झालं नाही. अंगठा कडेवर आपल्या जागी गेला. नखं कोरींमध्ये गेली, जुन्या चपलेत पाय जावा तशी. सकाळपासून त्याने सगळ्यांचे हात लावून पाहिले होते. एकाचा राहिला होता.

त्याने हारिमच्या हाताकडे पाहिलं. तिच्या अनामिकेत चांदीची एक बारीक अंगठी होती. पोरं-पोरी जोडीने घालतात तसली, नवी, अजून चकचकीत. कोणीतरी दिली होती आणि तिने घरी सांगितलं नव्हतं. झटापटीत ती अंगठी जाड तारेखाली गेली होती. तार अंगठी आणि बोट यांच्या मध्ये ताणून बसली होती.

"सोड बाबा," हारिम म्हणाली. तिचा आवाज आता मोठ्या मुलीचा नव्हता. "सोड ना. दुखतंय."

सोड, त्याने आपल्या हाताला सांगितलं. त्याने पूर्ण मनाने सांगितलं. बोटं हलली नाहीत. ती लाकडात इतकी नीट बसली होती की त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

"हारिम, ओढू नकोस," तो म्हणाला. "बाळा, तू ओढू नकोस."

पण त्याचा चेहरा बघून ती घाबरली होती. तिने पाय रोवले आणि सगळं वजन टाकून मागे ओढ घेतली.